वीजबिल ३३०० वर गेलं: घरात कुठे काय जळतंय ते शोधताना

ओसरी | ५ मे २०२४, रात्री ९.४०

मंडळी, एप्रिलचं बिल काल आलं. २८६ युनिट, जवळजवळ ३३०० रुपये. घरात एसी नाही. नाशिकला दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई आणि यंदा दहावीत गेलेली लेक. १ एप्रिलपासून दर वाढले हे माहीत होतं, पण तीन पंखे, एक फ्रिज आणि टीव्ही यांवर एवढं बिल कसं, हे काही केल्या पटेना.

म्हणून आधी बिल नीट वाचलं. महावितरणच्या यंदाच्या (२०२४-२५ च्या) घरगुती दरात पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये आणि त्यावर १.१७ वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), म्हणजे ५.८८. १०१ ते ३०० ला तोच आकडा ११.४६ होतो. ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि त्यापुढे १७.८१. शिवाय १२८ रुपये स्थिर आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. (इंधनाच्या खर्चाप्रमाणे लागणारा इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो मी धरलेला नाही.)

मग आज दुपारी जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन उभी राहिले. लेकीला फोनवर सांगितलं, "मेन स्विच चालू ठेव, पण पंखे, दिवे, टीव्ही, सगळं बटणावर बंद कर. फ्रिजसुद्धा." तिने एकेक बंद केलं आणि ओरडली, "झालं गं आई!" आणि मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत होता. घड्याळ लावलं तर दर २५ सेकंदांनी एकदा.

आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे दिव्याच्या लुकलुकी) म्हणजे एक युनिट असं छापलेलं आहे. एका युनिटचे ३६ लाख वॉट-सेकंद, त्यांना ३२०० ने भागलं की ११२५. या ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. ११२५ भागिले २५ म्हणजे ४५ वॉट. काहीही चालू नसताना घरात ४५ वॉट जळतायत. महिन्याचे ३२ युनिट!

हे काय असू शकतं? आणि तुम्ही तुमच्या घरी काय काय शोधलंत? "दिवे बंद करा" याच्या पुढचं सांगा प्लीज, ते आम्ही करतोच.

---

जुनावाडा | ५ मे, रात्री १०.१५

ताई, तुमचा मुख्य घोटाळा युनिटचा नाही, पायरीचा आहे. १०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळं बिल वरच्या दराने लागतं. आमच्या शेजारी एक काका ९९ वर थांबवायला महिनाअखेर टीव्ही लावत नाहीत.

---

ओसरी | ५ मे, रात्री १०.४०

>> सगळं बिल वरच्या दराने लागतं

असं नाही हो. मलाही आधी तसंच वाटायचं, पण बिलावर रकाने मोजून बघा. माझे पहिले १०० युनिट ५.८८ नेच लागलेत, फक्त वरचे १८६ युनिट ११.४६ ने. काकांना कृपा करून सांगा, शंभरावं आणि एकशेएकावं युनिट यांत फरक साडेपाच-सहा रुपयांचा आहे, शंभरावरचं एक युनिट वापरल्याने पहिले शंभर महाग होत नाहीत.

पण यातूनच मला एक गोष्ट लख्ख दिसली. आपण युनिट वाचवतो ते नेहमी वरच्या टोकाचं वाचतं. माझ्या बिलाची सरासरी साडेअकरा रुपये युनिट पडते, पण मी एक युनिट कमी जाळलं तर ११.४६ अधिक १६ टक्के, म्हणजे १३.२९ रुपये वाचतात. जिचं बिल ९० युनिटचं आहे तिचे त्याच युनिटमागे ६.८२ वाचतात. म्हणजे एखादी नवी वस्तू घेऊन फायदा किती, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं येणार. मला वाटतं आपण सगळेच इथे चुकतो, दुसऱ्याचा हिशेब आपल्या घराला लावतो.

---

पान्हापक्कड | ६ मे, सकाळी ७.०५

ओसरीताई, मीटरपाशी उभं राहण्याचं काम छान केलंत. मी सांगलीत २२ वर्षं वायरिंगची कामं करतोय. बिल वाढलं की लोक थेट मीटर जोरात पळतोय म्हणतात, घरात शोधत कुणी नाही.

आधी एक खात्री करा. घरातला मेन स्विच पूर्ण पाडा आणि मग मीटरचा दिवा बघा. तरीही लुकलुकला तर मीटर ते मेन या मधल्या वायरीत गळती आहे किंवा कुणाची तरी तार तुमच्यावर आहे. मग मात्र हात न लावता परवानाधारक माणूस बोलवा. मेन पाडल्यावर दिवा थांबला, तर ४५ वॉट घरातच आहेत.

घरात संशयित ठरलेले असतात. इन्व्हर्टर आहे का? त्याची बॅटरी तीन-चार वर्षांच्या पुढे गेली की चार्ज पूर्ण होतच नाही आणि चार्जर रात्रंदिवस ओढत बसतो. पहिला नंबर त्याचा. दुसरा सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद केला तरी बॉक्स आत जागाच असतो, दहा-बारा वॉट सहज. मग राउटर, पाण्याचा प्युरिफायर, भिंतीवरचा जुना स्टॅबिलायझर. सोपी परीक्षा म्हणजे हाताचा तळवा. सगळं बंद असताना ज्या डब्याला, ज्या अडॅप्टरला हात कोमट लागतो, तिथे वीज जातेय.

---

कढीलिंब | ६ मे, सकाळी ११.३०

मी हे वाचता वाचता उठून सेट-टॉप बॉक्सला हात लावला. चांगला गरम! काल रात्री दहाला टीव्ही बंद केलाय.

माझा प्रश्न गॅसचा. बहीण म्हणते इंडक्शन घे, गॅसपेक्षा स्वस्त पडतं. मार्चमध्ये सिलिंडर १०० रुपयांनी उतरला तरी ८०० च्या आसपास आहेच. आमचं वीजबिल दीड-पावणेदोनशे युनिटचं असतं. घेऊ का?

---

पान्हापक्कड | ६ मे, दुपारी १.५०

कढीलिंबताई, हा हिशेब मी गिऱ्हाइकांसाठी करून ठेवलाय. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली ६५ टक्के भांड्यात जाते असं धरू, म्हणजे ११७. इंडक्शनवर ८५ टक्के जाते, तर तेवढाच स्वयंपाक करायला १३८ युनिट लागतील. तुम्ही आधीच १०० च्या पुढे आहात, म्हणजे हे १३८ युनिट १३.२९ ने लागणार: १८०० रुपयांच्या वर. पहिल्या पायरीच्या दराने धरलं तरी ९४०. ८०० च्या सिलिंडरपुढे आज तरी इंडक्शन महागच.

बहिणीच्या छतावर सोलर असेल तर तिचं म्हणणं तिच्या घरापुरतं बरोबर आहे.

---

पाटावरवंटा | ६ मे, सायंकाळी ४.२०

गॅसवर मी सांगते, तीस वर्षं संसार केलाय. डाळ, तांदूळ अर्धा तास आधी भिजवा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर दिसली की ती तुमच्या भिंतीला तापवतेय, लगेच कमी करा. ज्योत पिवळी दिसू लागली, पातेली खालून काळी होऊ लागली, तर बर्नरची भोकं बुजलीत. काढून जुन्या टूथब्रशने घासा.

आणि माझी आजी करायची ते मी अजून करते. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद. कुकर उतरवून जाड गोधडीत गुंडाळायचा आणि लाकडी पाटावर ठेवून द्यायचा. शिट्टीवर गोधडी येऊ द्यायची नाही, बाजूने आणि वरून घट्ट. पाऊण तासाने उघडलं की तूरडाळ अशी मऊ, रवीसुद्धा लागत नाही. पूर्वी चार शिट्ट्या द्यायचे, आता एकच. सिलिंडर आधी ३८-४० दिवस जायचा, आता ४७-४८ जातो. तारीख मी कॅलेंडरवर लिहिते दर वेळी.

चहा मात्र प्रत्येकाचा वेगळा वेगळा करू नका. एकदाच करून थर्मासमध्ये.

---

वऱ्हाडवासी | ६ मे, रात्री ८.४५

आम्ही अकोल्याचे. इथं मे महिन्यात पारा ४५ पाहतो, त्यामुळं "कमी वापरा" हे सांगणं आम्हाला लागू नाही, थंडावा लागतोच. पण कोणता थंडावा, यात सगळा पैसा आहे.

आमचा मोठा लोखंडी कूलर पंखा आणि पंप मिळून १८० वॉट घेतो. रोज दहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिट. दीड टनाचा एसी तासाला एक युनिट धरला तरी ३००. शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी एसी घेतला, आता ते महिनाभर चौथ्या पायरीत असतात, १७.८१ वाल्या. कोरड्या हवेत कूलर चांगला काम करतो, मुंबई-कोकणात नाही, तिथं हवेतच पाणी आहे.

लोक कूलर लावतात तेही चुकीचं. घराच्या आत ठेवून दारं लावून घेतात. मग ओल साचते, घाम वाळत नाही आणि कूलरला शिव्या बसतात. कूलर खिडकीच्या बाहेर असायला हवा, बाहेरची कोरडी हवा ओढायला, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी हातभर उघडी हवी. आलेली हवा बाहेर गेलीच पाहिजे. आणि गवत दर सिझनला बदला. आमच्या बोअरच्या पाण्यानं त्यावर पांढरा खार बसतो, मग पाणी नुसतं कडेनं वाहतं. वाळ्याच्या ताट्या परवडल्या तर त्यांच्यासारखं सुख नाही, संध्याकाळी घरभर वास असतो.

---

सातवामजला | ७ मे, सकाळी ६.५०

आम्ही ठाण्यात, सगळ्यात वरचा मजला, वर थेट गच्ची. कूलर निरुपयोगी. आई ७८ वर्षांची आहे. मला इथे एक मनापासून सांगायचंय: बिल वाचवायला म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला एसी बंद करू नका. मागच्या वर्षी आईने स्वतःच "कशाला पैसे" म्हणून बंद केला आणि दुपारी चक्कर येऊन पडली. सलाईन लावावं लागलं. त्या एका दिवसाचा खर्च चार महिन्यांच्या बिलाएवढा झाला, आणि भीती वेगळीच.

आम्ही एसी चालूच ठेवला, पण तापमान बदललं. पूर्वी २० वर असायचा. २०२० पासून नव्या एसीचं मूळ सेटिंग २४ असावं असा नियम झालाय, त्यामागे कारण आहे: एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. आता २६ वर ठेवून वर पंखा हळू लावतो, आईला तेच जास्त सोसतं.

आणि गच्ची. सोसायटीत तीन मीटिंगा घालवल्यावर परवानगी मिळाली, आमच्या डोक्यावरच्या भागाला पांढरा रंग दिला. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या भयंकर उन्हाळ्यानंतर पालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचा कार्यक्रमही घेतला. ते वाचून सुचलं. आधी रात्री अकरालाही स्लॅबला हात लावला तर ऊब यायची. आता नऊला येत नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी बांधली. पडदा आतून लावून उपयोग कमी, ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

---

ओसरी | ७ मे, रात्री ९.१०

सातवामजला, आईंना नमस्कार सांगा. तुम्ही म्हणता ते फार महत्त्वाचं आहे, आमच्या सासूबाईही असंच पंखा बंद करून बसतात. आज त्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवली.

पान्हापक्कडदादा, मेन पाडल्यावर दिवा थांबला, म्हणजे घरातच होतं. इन्व्हर्टर! त्याच्या प्लगला स्वतंत्र बटणच नाही, त्यामुळे लेकीने "सगळं बंद" केलं तरी तो चालूच होता. काढल्यावर लुकलुक २५ सेकंदांवरून ५० वर गेली. सेट-टॉप बॉक्सही टीव्हीच्या मागे थेट प्लगमध्ये होता, तो काढल्यावर १०० च्या वर. उरलेला बहुतेक राउटर. बॅटरी सहा वर्षांची आहे, चाचणीला दिलीय.

आता फ्रिज. काल रात्री अकराला फ्रिज सोडून बाकी सगळं काढलं, पंखेसुद्धा. सगळे गच्चीवर झोपलो. सकाळी सहाला मीटर बघितलं तर सात तासांत १.१ युनिट. दिवसाला पावणेचारच्या आसपास, महिन्याला ११३. माझ्या बिलाच्या एक तृतीयांशाहून जास्त एकट्या फ्रिजचं! १७ वर्षांचा आहे, पण छान थंड करतो, म्हणून कधी संशयच आला नाही.

---

पान्हापक्कड | ८ मे, सकाळी ७.२०

नवा घ्यायच्या आधी दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात अर्धी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडावा निसटतोय. चारी बाजूंनी करा, खालचा बिजागरीकडचा कोपरा हमखास गेलेला असतो. मग फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मागच्या जाळीवरची धूळ प्लग काढून ब्रशने झाडा. रबर बदलून मिळतं, नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ खर्च.

पंख्यांचंही सांगतो. जुना पंखा ७५ वॉट, नवे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३० च्या आसपास. रोज १४ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात. तुमच्या दराने अडीचशे रुपये, म्हणजे अडीच-तीन हजारांचा पंखा वर्षभराच्या वापरात फिटतो. पण ९० युनिटच्या घरात दुप्पट वेळ लागेल, आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याचे पैसे कधीच निघणार नाहीत. जो सगळ्यात जास्त चालतो तो एकच आधी बदला. २०२३ पासून पंख्यांवरही स्टार असणं सक्तीचं झालंय, ते बघून घ्या. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. विसरलात तर आतला बोर्ड खराब होतो, माझ्याकडे असे चार पंखे दुरुस्तीला आलेत.

---

भाड्याचंघर | ८ मे, दुपारी ३.००

पुण्यात भाड्याने राहतो. फ्रिज, गीझर सगळं घरमालकांचं. गीझर २५ लिटरचा, चालू केला की दोघांची अंघोळ होऊनही अर्धा भरलेला उरतो. बदलता येत नाही. काय करू? मित्र म्हणतो गॅस गीझर बसव.

---

पान्हापक्कड | ८ मे, सायंकाळी ६.१०

गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवू नका. हे मी हात जोडून सांगतो. जळताना खोलीतला प्राणवायू संपतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. आमच्या भागात एक कोवळी पोरगी अशी गेली. बसवायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत.

तुमच्या गीझरवर तापमानाची चकती असेल, बहुतेक ठिकाणी ती शेवटच्या टोकाला असते. ५० वर आणा. अंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दोघांनी लागोपाठ अंघोळ करा, मग बंद. आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी तसंच कोमट असतं, संध्याकाळी अंघोळ केली तर गीझर लागतच नाही.

---

टेम्सकाठ | ९ मे, रात्री १.३० (भारतीय वेळ)

इंग्लंडमधल्या रेडिंगहून. आमच्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने मर्यादा घालूनही सर्वसाधारण घराचं वर्षाचं गॅस-वीजबिल २५०० पौंडांवर गेलं होतं. त्या हिवाळ्यात आम्ही एक बदल केला तो फुकट होता: घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरमधून रेडिएटरला (खोलीतल्या गरम पाण्याच्या पॅनेलला) जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वरून ६० वर आणलं. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा) परतीचं पाणी ५५ च्या खाली असेल तरच नीट काम करतो, हे बॉयलर बसवणाऱ्याने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. घर तापायला वेळ जास्त लागला, गॅस कमी लागला. इकडे राहणाऱ्यांनी करून बघा.

---

कौलारू | १० मे, सकाळी ९.००

सोलरबद्दल विचारणारे येतीलच म्हणून लिहितो. फेब्रुवारीत पीएम सूर्यघर ही छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची योजना जाहीर झाली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० अनुदान. एका किलोवॉटमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, सावली नसलेली शंभर चौरस फूट जागा लागते. आमचं बारामतीजवळ स्वतःचं घर, बिल ३५०-४०० युनिटचं, म्हणून तीन किलोवॉट घेतलं. पावसाळ्यात कमी होईल, ते धरूनच चाललोय.

पण मी ओसरीताईंच्या धाग्यावर आधी आलो असतो तर बरं झालं असतं. आमचाही फ्रिज जुना आहे. आधी गळती बंद केली असती तर दोन किलोवॉटमध्ये भागलं असतं. ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी आधी दोन महिने घर तपासा आणि मग किती किलोवॉट ते ठरवा. विकणारा मोठंच सांगणार.

---

ओसरी | ६ जून, रात्री ८.३०

मंडळी, मे महिन्याचं बिल आलं. २१४ युनिट, २३४६ रुपये (मागच्यासारखंच इंधन समायोजन सोडून). एप्रिलपेक्षा ७२ युनिट कमी, ९५७ रुपये वाचले, आणि मे तर एप्रिलहून तापलेला होता.

फ्रिजचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं निघालं, नोट नुसती गळून पडली. बदललं, मागची जाळी साफ केली. पुन्हा तशीच रात्रभर चाचणी घेतली तर सात तासांत ०.७ युनिट. महिन्याला ४० युनिट इथेच वाचले. इन्व्हर्टरची बॅटरी गेलेलीच होती. सध्या नवी घेतलेली नाही, इन्व्हर्टर काढून ठेवलाय, कारण इथे वीज फारशी जात नाही. टीव्ही आणि बॉक्स आता एका बटणाच्या बोर्डवर आहेत, सासूबाई रात्री झोपताना स्वतः बंद करतात. बाकीचे थोडे इस्त्री आठवड्यातून एकदाच केल्याने असतील.

पंखा अजून घेतला नाही. वाचलेल्या ९५७ चे तीन महिने झाले की हॉलमधला बदलणार. हॉलमधलाच, कारण लेक तिथे अभ्यासाला बसते आणि तो पंखा सोळा तास चालतो.

पाटावरवंटाकाकू, गोधडीतली डाळ जमली, पण चणे कच्चे राहिले.

---

पाटावरवंटा | ६ जून, रात्री ९.०५

चणे रात्रभर भिजले होते का? आणि त्यांना एक शिट्टी पुरत नाही गं, तीन दे आणि मग गुंडाळ. राजम्यालाही तसंच. मूग, मसूर, तूर, तांदूळ यांनाच एक.

---

ओसरी | ६ जून, रात्री ९.२०

चारच तास भिजवले होते. उद्या पुन्हा करते, आज आत्ताच भिजत घालते.